दाखल नोंद नसलेल्या फाइली: नागपुरातल्या एका ग्रंथालयाच्या सर्व्हरचं प्रकरण

काउंटरवरच्या भाऊंचा फोन सोमवारी सकाळी सव्वादहाला आला. "सर, पडद्यावर नुसतं इंग्रजीत काहीतरी येऊन राहिलं. पोरं रांगेत उभी आहेत, नो ड्यूज मागून राहिली. काय सांगू त्यांना?"

जून २०२५ चा दुसरा आठवडा होता. महाविद्यालय अजून उघडायचं होतं, पण शेवटच्या वर्षाची मुलं टीसी काढायला येऊ लागली होती आणि टीसीच्या आधी ग्रंथालयाचा 'नो ड्यूज' शिक्का लागतो. महाल भागातल्या या जुन्या महाविद्यालयाचं ग्रंथालय कोहा या सॉफ्टवेअरवर चालतं. कोहा मुळात न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी तयार झालं आणि जानेवारी २००० मध्ये तिथे वापरात आलं. मुक्त परवान्यामुळे आज आपल्याकडच्या कितीतरी ग्रंथालयांची देवघेव त्यावर चालते. बिघाड कोहात नव्हता. हे आधीच सांगतो, कारण पहिल्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी "कोहा बंद पडलं" हेच होतं.

शनिवारी संध्याकाळी मी कोहाचा सर्व्हर डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ११ व्या आवृत्तीवरून १२ व्या आवृत्तीवर नेला होता. ११ ची नियमित सुरक्षा-देखभाल ऑगस्ट २०२४ मध्येच थांबली. पुढची दीर्घ मुदतीची देखभाल ऑगस्ट २०२६ पर्यंत होती, तरी सुट्टीत ग्रंथालय रिकामं असतं म्हणून काम आत्ताच उरकून घेऊ, असं ग्रंथपाल मॅडमना मीच सुचवलं होतं. सुरुवात करण्यापूर्वी डेबियनच्या प्रकाशन-टिपणांत सांगतात ती सगळी तपासणी केली. डिस्कवर जागा किती, कुठलं पॅकेज (डेबियन ज्या गठ्ठ्यांत सॉफ्टवेअर देतं त्यातला एक गठ्ठा) मुद्दाम रोखून ठेवलंय का, डेबियनच्या बाहेरून आलेली पॅकेजेस कोणती. ही शेवटची यादी कोरी आली. सर्व्हरवर परकं काही नाही, असा मी त्याचा अर्थ घेतला. डेटाबेसचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतला, नवी आवृत्ती चढवली, आता कुणालाही न लागणारी जुनी पॅकेजेस ॲप्ट या पॅकेज-व्यवस्थापकाच्या 'ऑटोरिमूव्ह' आज्ञेने काढली आणि मशीन परत सुरू केलं. वेबपानं पुरवणारा अपाची चालू, डेटाबेस सांभाळणारा मारियाडीबी चालू. शिपाई किल्ल्या घेऊन दारात उभे होते. कोहाचं पान मात्र मी उघडून पाहिलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं आणि ते माझ्याकडून राहिलं.

सोमवारी पोहोचलो तेव्हा रांग जिन्यापर्यंत आली होती. दुरुस्ती नंतर, आधी रांग, असं मॅडमनी सांगितलं आणि ते बरोबरच होतं. मारियाडीबी ठणठणीत होता. कोहा चालू देवघेव 'इश्यूज' या तक्त्यात ठेवतं आणि पुस्तक परत आलं की ती नोंद 'ओल्ड इश्यूज'मध्ये जाते. त्यामुळे ज्यांच्या नावावर पुस्तक आहे किंवा दंड बाकी आहे त्यांची यादी थेट डेटाबेसमधून काढता आली. ती छापली, मॅडमनी एकेका मुलाचं नाव ताडून शिक्के मारले, आणि बाराच्या आत रांग ओसरली. डेटाबेस डेबियनच्या पॅकेजमधून आलेला होता. शनिवारी तो १०.५ वरून १०.११ वर गेला होता आणि त्यासाठी मला बोटही लावावं लागलं नव्हतं. त्याच मशीनवरच्या दोन गोष्टींची अशी दोन तऱ्हांची गत का झाली, हेच या प्रकरणाचं मूळ आहे.

एक ओळ, दोनदा

कोहाचा बराचसा भाग पर्ल भाषेत आहे. अपाचीच्या नोंदींत चूक स्पष्ट होती. अमुक मॉड्यूल (पर्लच्या कोडचा जोडभाग) सापडत नाही, आणि खाली पर्लने कुठे कुठे शोधलं त्या फोल्डरांची यादी. त्या यादीत /यूएसआर/लोकल/शेअर/पर्ल/५.३६.० होतं. मी त्या जागी जाऊन पाहिलं तर तिथे ५.३६.० असं काही नव्हतंच. शेजारी ५.३२.१ नावाचा फोल्डर होता आणि त्यात साठेक मॉड्यूलं व्यवस्थित पडून होती. डेबियन ११ मधलं पर्ल ५.३२, १२ मधलं ५.३६. सीपॅन या पर्लच्या सार्वजनिक संग्रहातून हाताने बसवलेली मॉड्यूलं पर्लच्या आवृत्तीच्या नावाच्या फोल्डरात जातात, आणि पर्ल बदललं की नवं पर्ल त्या जुन्या फोल्डराकडे पाहतसुद्धा नाही. हीच मॉड्यूलं डेबियनच्या पॅकेजमधून आली असती तर पर्लबरोबर त्यांच्याही नव्या आवृत्त्या आल्या असत्या.

ती तिथे बसवली कुणी? रूट, म्हणजे मशीनवर सर्वाधिकार असलेला वापरकर्ता. त्याच्या नावाने दिलेल्या आज्ञांची यादी, म्हणजे शेलचा इतिहास, उघडला. २०२१ मध्ये मशीन नवं असतानाच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींत एक ओळ होती. कर्ल, मग एक वेबपत्ता, मग पाइपची उभी रेघ, मग सूडो बॅश. आणि लगेच खाली तीच ओळ पुन्हा.

या क्षेत्रात नसलेल्यांसाठी त्या ओळीचा अर्थ सांगतो. या पत्त्यावर जे काही लिहिलेलं असेल ते आण आणि रूटच्या पूर्ण अधिकाराने जसंच्या तसं कर. मधे कुणी वाचत नाही. डिस्कवर प्रतही राहत नाही, कारण कर्लने आणलेला मजकूर थेट बॅशच्या, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, तोंडात जातो.

मी तो वेबपत्ता उघडला. डोमेनची मुदतच संपलेली होती. ज्या मुलाने तेव्हा हे काम केलं त्याचा नंबर मॅडमकडे होता, तो आता दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. तो मोकळेपणाने बोलला. "सर, तेव्हा नेट मधेच गेलं होतं, म्हणून परत चालवली. दुसऱ्यांदा शेवटपर्यंत गेली. आत काय होतं ते मी पण वाचलं नव्हतं." मी त्याला दोष देत नाही. एका दिवसात सर्व्हर उभा करून द्या असं त्याला सांगितलेलं होतं, आणि त्याने तो दिला. चार वर्षं तो चाललाही.

"नेट मधेच गेलं" हे त्याचे शब्द मात्र मी तिथल्या तिथे लिहून घेतले. पाइपमधून येणारी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, बॅश पूर्ण यायची वाट बघत नाही, ओळ आली की चालवतो. जोडणी मधेच तुटली तर अर्धं काम झालेलं आणि अर्धं राहिलेलं, आणि शेवटची ओळ अर्धीच आली असेल तर तीही चालू शकते. जाणते लेखक यावर उपाय म्हणून सगळी स्क्रिप्ट एका फंक्शनमध्ये बांधतात आणि ते फंक्शन अगदी शेवटच्या ओळीत बोलावतात, म्हणजे पूर्ण मजकूर आल्याशिवाय काहीच घडत नाही. या लेखकाने तसं केलेलं नसणार. कारण अपाचीच्या सेटिंगमध्ये एकच परिच्छेद दोनदा जोडलेला सापडला आणि ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनमध्येही त्याच ओळी दोनदा. पहिल्या खेपेला अर्धवट, दुसऱ्या खेपेला पूर्ण. जे आधीच झालंय ते पुन्हा करू नये, एवढं बघण्याचीही सोय त्या स्क्रिप्टमध्ये नव्हती.

मॅडम शेजारी बसून हे बघत होत्या. त्यांना मी २०११ मधली बम्बलबी या लिनक्स सॉफ्टवेअर प्रकल्पाची गोष्ट सांगितली. त्यांच्या बसवण्याच्या स्क्रिप्टमध्ये एक खोलवरचा फोल्डर पुसायची ओळ होती. पत्ता लिहिताना /यूएसआर नंतर एक मोकळी जागा पडली, आणि ओळीचा अर्थ झाला: आधी सगळं /यूएसआर पूस, मग पुढचा पत्ता पूस. ज्यांनी ती स्क्रिप्ट चालवली त्यांच्या मशीनमधली बहुतेक सगळी प्रणाली गेली. मॅडमनी चष्मा काढला. "एका स्पेसमुळे?" एका स्पेसमुळे.

बेवारस फाइलींची मोजदाद

स्क्रिप्टची प्रत नाही, लेखक नाही, नोंद नाही. मग तिने काय काय केलं ते कसं कळणार? उलट्या बाजूने जावं लागलं. डेबियनचा पॅकेजेस बसवणारा डीपीकेजी हा प्रोग्रॅम प्रत्येक पॅकेजच्या प्रत्येक फाइलची यादी /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो मध्ये ठेवतो. म्हणजे डिस्कवरची कुठलीही फाइल दाखवून "डीपीकेजी -एस" ने विचारता येतं की ही कुणाची? ज्या फाइलीला मालक मिळत नाही ती बेवारस. मी /यूएसआर (प्रोग्रॅम) आणि /ईटीसी (सेटिंग) मधली प्रत्येक फाइल अशी विचारून काढली.

पहिली यादी भलतीच लांब आली आणि दहा मिनिटं मी घाबरलो होतो. मग लक्षात आलं की डेबियन १२ मध्ये /बिन आणि /लिब हे फोल्डर /यूएसआरच्या पोटात विलीन झालेले आहेत, पण डीपीकेजीच्या यादीत कित्येक फाइली अजून जुन्या पत्त्यानेच नोंदलेल्या आहेत. 'एलएस' ही साधी आज्ञा /यूएसआर/बिन मध्ये आहे का विचारलं तर तो नाही म्हणतो, /बिन मध्ये विचारलं तर हो म्हणतो. दोन्ही पत्त्यांनी विचारणारं लूप लिहिल्यावर यादी आवाक्यात आली.

पर्लची मॉड्यूलं त्यात होतीच. त्यांच्याखेरीज /यूएसआर/लोकल/लिब मध्ये लिबकर्ल ही लायब्ररी (कर्ल वापरतं तो सामाईक कोड) होती, सोर्सवरून संकलित केलेली. डेबियनची स्वतःची लिबकर्ल आधीच हजर असताना दुसरी कशासाठी, ते आता कुणीच सांगू शकत नाही. पण तिच्यामुळे घडलेलं बघण्यासारखं आहे. डेबियनमध्ये लायब्ररी शोधताना /यूएसआर/लोकल/लिबचा नंबर आधी लागतो. त्यामुळे चार वर्षं डेबियनची कर्ल आज्ञा स्वतःची लायब्ररी सोडून ही परकी लायब्ररी वापरत होती, आणि प्रत्येक वेळी एक इशारा छापत होती की या लायब्ररीत आवृत्तीची माहिती नाही. रूटच्या टपालपेटीत त्या इशाऱ्याची चार वर्षांची पत्रं साचली होती. कुणी उघडली नव्हती, मीही नाही.

ही परकी लायब्ररी ओपनएसएसएल या कूटबद्धतेच्या लायब्ररीच्या १.१ आवृत्तीवर बांधलेली होती. डेबियन १२ मध्ये ओपनएसएसएल ३.० आहे. शनिवारी मी ऑटोरिमूव्ह चालवलं तेव्हा ॲप्टने आपली वही बघितली, १.१ वर अवलंबून असलेलं एकही पॅकेज त्याला दिसलं नाही, आणि त्याने ती काढून टाकली. ॲप्टचं अजिबात चुकलं नाही. वहीत नसलेल्या गिऱ्हाइकाची त्याला काय कल्पना! त्या क्षणापासून कर्ल सुरूच होईना. रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर पाठवणारी छोटी स्क्रिप्ट कर्लच वापरत होती. म्हणजे शनिवार आणि रविवार, दोन्ही रात्रींचे बॅकअप गेलेच नव्हते. पेन ड्राइव्ह नसता तर त्या दोन दिवसांपुरते आम्ही उघड्यावर होतो.

याहून वाईट एक गोष्ट /ईटीसी/क्रॉन.डी मध्ये सापडली. दर रविवारी पहाटे रूटच्या अधिकाराने त्याच संपलेल्या डोमेनवरून 'सुधारित' स्क्रिप्ट आणून चालवायची नोंद. सुरुवातीच्या काळात तिने काय काय बदललं याचा कुठेही माग नाही. डोमेन संपल्यावर ती दर रविवारी रिकाम्या हाताने परतत होती. ते नाव मोकळं होतं. कुणीही ते विकत घेऊन तिथे चार ओळी ठेवल्या असत्या, तर पुढच्या रविवारी पहाटे आमच्या सर्व्हरने त्या निमूटपणे पाळल्या असत्या. सगळ्या विद्यार्थ्यांची नावं, पत्ते, फोन नंबर त्या मशीनवर आहेत. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

पॅकेजच्या मालकीच्या पण कुणीतरी बदललेल्या फाइली शोधायला "डीपीकेजी -व्ही" आहे. बसवताना नोंदलेला चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) आणि आजचा चेकसम जुळला नाही की ओळीच्या तिसऱ्या जागी ५ चा आकडा येतो. असे आकडे अपाचीच्या दोन फाइलींपुढे होते. शिवाय सूडोच्या फोल्डरात एक बेवारस चिठ्ठी होती, कोहाच्या वापरकर्त्याला पासवर्डशिवाय रूट होऊ देणारी.

मॅडमची वही

दुपारी चहाच्या वेळी मी हे मॅडमना समजावत होतो. त्या मधेच उठल्या आणि दाखल नोंदवही घेऊन आल्या. कापडी बांधणीची, जाडजूड. पुस्तक आलं की बिल क्रमांक, पुरवठादार, किंमत, दाखल क्रमांक. तोच क्रमांक शीर्षकपानावर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर, म्हणजे कुणी पुढचं पान फाडलं तरी ओळख पटावी. शेवटच्या रकान्यात निर्लेखन, म्हणजे पुस्तक बाद झालं तर कुठल्या ठरावाने आणि कधी. "तुम्ही म्हणता ते एवढंच ना," त्या म्हणाल्या, "की कुणीतरी नोंद न करता आपल्या कपाटात पुस्तकं लावून गेलं, आणि आता बाद करायची वेळ आली तर कुठली आपली नि कुठली त्याची हेच कळत नाही."

मी पंधरा-सोळा वर्षं लिनक्सची कामं करतो आहे. पॅकेज आणि स्क्रिप्टमधला फरक मला याहून नेमका कधी सांगता आला नव्हता.

पॅकेज घ्यावं की स्क्रिप्ट चालवावी, या वादात लोक सुरक्षिततेवर फार बोलतात आणि नोंदीवर कमी. पॅकेजही आत एक छोटी स्क्रिप्ट घेऊन येतं, पोस्टइन्स्ट नावाची, आणि तीही रूटच्याच अधिकाराने चालते. त्यामुळे "पॅकेज सुरक्षित, स्क्रिप्ट धोकादायक" असं सरळ म्हणणं मला पटत नाही. फरक भोवतालच्या व्यवस्थेत आहे. ॲप्ट भांडाराच्या (पॅकेजेस जिथून येतात त्या साठ्याच्या) सूचीवरची सही तपासतो, सूचीतल्या हॅशवरून, म्हणजे चेकसमसारख्याच आकड्यावरून, पॅकेज तपासतो, मगच उघडतो. फाइली कुठे गेल्या ते लिहून ठेवतो. काढताना त्याच यादीवरून काढतो. दुसऱ्या पॅकेजच्या फाइलीवर पाय पडत असेल तर थांबतो. आणि पुढच्या आवृत्तीला मागच्या आवृत्तीने काय ठेवलं होतं ते ठाऊक असतं. चांगली स्क्रिप्टसुद्धा येण्यापुरतीच लिहिलेली असते. जाण्याचा रस्ता तिच्या लेखकाने बहुधा आखलेलाच नसतो.

यात माणसाचाही प्रश्न आहे. सर्व्हर बसवणारा आणि चार वर्षांनी त्यावर काम करणारा एकच असत नाही. महाविद्यालयांत तर नाहीच नाही. कंत्राट बदलतं, मुलं नोकरीसाठी पुण्या-हैदराबादला जातात. पहिल्याने डोक्यात ठेवलेलं दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून मशीनने लक्षात ठेवलं पाहिजे, आणि युनिक्सच्या घरात ते काम पॅकेजची वही करते. डेबियनमध्ये डीपीकेजी, रेड हॅटच्या घराण्यात आरपीएम, फ्रीबीएसडीवर पीकेजी. नावं वेगळी, वही तीच.

काय केलं

सोमवारी दुपारी मी आधी सोपा रस्ता धरून पाहिला, आणि तो चुकीचा निघाला. जुना ५.३२.१ चा फोल्डर नव्या नावाने जोडून दिला. नुसत्या पर्लमध्ये लिहिलेली मॉड्यूलं चालली. सी भाषेत संकलित झालेली मॉड्यूलं नव्या पर्लने नाकारली, कारण ती दुसऱ्या पर्लसाठी बांधलेली होती. मग सापडत नाहीत ती मॉड्यूलं डेबियनच्या पॅकेजमधून एकेक आणू लागलो. एक आणलं की पुढचं अडायचं. रात्री आठला थांबलो. पाया कुठे संपतो आणि भराव कुठे सुरू होतो हेच ठाऊक नसलेल्या घरावर मजला चढवायचा नाही, असं ठरवलं.

मंगळवारी संगणक-प्रयोगशाळेतलं एक मोकळं मशीन घेतलं. त्यावर कोरं डेबियन १२. कोहाच्या समुदायाचं स्वतःचं डेबियन भांडार आहे, त्याची सही तपासायची चावी वेगळ्या फाइलीत ठेवली आणि ती फक्त त्याच भांडारापुरती ग्राह्य धरायला ॲप्टला सांगितलं. आवृत्ती २४.११ घेतली. कोहाच्या आवृत्त्या वर्ष-महिन्याने ओळखल्या जातात, दर वर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये नवी येते. 'कोहा-कॉमन' हे पॅकेज मागितल्यावर ॲप्टने सोबत पर्लच्या मॉड्यूलांची भली लांब रांग आणली, बहुतेक डेबियनच्या भांडारातली. २०२१ मध्ये जे सीपॅनवरून ओढून आणलं होतं ते सगळं इथे नावानिशी उपलब्ध होतं. पॅकेजं तेव्हाही होती. त्या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

'कोहा-क्रिएट'ने नवं ग्रंथालय उभं केलं, जुन्या मारियाडीबीतला डेटा ओतला, आणि तक्त्यांची रचना २१.०५ वरून २४.११ पर्यंत आणणारी आज्ञा चालवली. ती एकेका आवृत्तीचे बदल क्रमाने करत पुढे जाते. पडद्यावर ओळी सरकत होत्या आणि भाऊ शेजारी उभे राहून बघत होते. शेवटी झेब्रा या कोहाच्या शोधयंत्राची सूची नव्याने बांधली.

मग मराठीचा प्रश्न आला. देवनागरी शोध नीट चालण्यासाठी झेब्राला त्याची नेहमीची अक्षरसारणी सोडून आयसीयू ही युनिकोड-लायब्ररी वापरायला सांगावं लागतं. ती सेटिंग कोहाच्या पॅकेजनेच आणलेल्या एका फाइलीत असते. माझी पहिली कल्पना अशी की ग्रंथालयाचं स्वतःचं एक छोटं डेब पॅकेज करावं आणि बदललेली फाइल त्यात घालावी. डीपीकेजीने साफ नकार दिला. ही फाइल कोहा-कॉमनची आहे, तुमच्या पॅकेजला तिच्यावर लिहिता येणार नाही. मला त्या नकाराचं मनापासून कौतुक वाटलं. २०२१ मध्ये कुणीतरी असा नकार द्यायला हवा होता. सेटिंग-फाइल हाताने बदलायला मुभा असते, फक्त पुढे पॅकेजमध्येही ती बदलली तर डीपीकेजी थांबून विचारतो. तोच मार्ग धरला. आमच्या छोट्या पॅकेजमध्ये मग फक्त आमच्याच गोष्टी राहिल्या: रात्रीच्या बॅकअपची स्क्रिप्ट, ती ठरल्या वेळी चालवणारा सिस्टमडी टायमर आणि एक वाचा-फाइल. आता त्या स्क्रिप्टबद्दल "ही कुणाची" असं विचारलं की उत्तर येतं.

गुरुवारी सकाळी काउंटर नव्या मशीनवर गेला. "वऱ्हाडी" हा शब्द शोधून बघितला, पुस्तकं आली. भाऊंनी दोन पुस्तकं देऊन परत घेतली, पावती छापली.

आक्षेप

माझ्या एका मित्राने, तो आयटी पार्कात काम करतो, हे सगळं ऐकून विचारलं की तुम्ही कोहाचं भांडार जोडलंत, तेही डेबियनच्या बाहेरचंच की. बरोबर आहे. बाहेरचं भांडार जोडणं म्हणजे त्या लोकांना आपल्या मशीनवर रूटचा अधिकार देणं. चावी एका भांडारापुरती बांधली तरी त्या भांडारातून आलेलं पॅकेज काहीही करू शकतं. आम्ही तो विश्वास जाणूनबुजून टाकला, वहीत लिहून टाकला, आणि एकाच ठिकाणी टाकला.

त्याचा दुसरा मुद्दा अधिक वजनाचा होता. पॅकेजवाल्यांकडूनही चुका होतात. २००६ मध्ये डेबियनच्या पॅकेजमध्ये ओपनएसएसएलमधल्या दोन ओळींवर काट मारली गेली आणि तयार होणाऱ्या चाव्या ओळखता येण्याजोग्या झाल्या. हे उघड व्हायला १३ मे २००८ उजाडला. मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण तर ताजंच आहे. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये घुसवलेला चोरदरवाजा डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत पोहोचला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दुसऱ्या मशीनला दुरून जोडण्याच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला, म्हणून तो सापडला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो आला नव्हता, कारण तिथे नवं काही लगेच येत नाही. ज्या संथपणाला लोक नावं ठेवतात त्यानेच त्या वेळी वाचवलं. आणि ज्यांच्याकडे पोहोचला होता त्यांना आवृत्तीचा क्रमांक विचारून एका मिनिटात कळलं की आपल्याकडे आहे की नाही. आमच्या जुन्या सर्व्हरवर असं काही आलं असतं तर मी कुठल्या वहीत बघितलं असतं?

स्क्रिप्टच्या बाजूचं उदाहरण २०२१ चं. कोडकव्ह या कोड-चाचणी सेवेच्या बॅश अपलोडर स्क्रिप्टमध्ये ३१ जानेवारीपासून कुणीतरी फेरफार करत होतं. १ एप्रिलला एका ग्राहकाने आणलेल्या स्क्रिप्टचा चेकसम प्रकाशित चेकसमशी ताडला आणि ते उघडकीस आलं. तोवर किती जणांनी ती न ताडता चालवली असेल, विचार करा.

स्क्रिप्ट कधीच चालवू नये असं मात्र मी म्हणत नाही. रस्ट भाषेच्या रस्टअपसारखी साधनं स्क्रिप्टनेच बसतात आणि ती वापरकर्त्याच्या स्वतःच्या होम फोल्डरात राहतात, रूट मागत नाहीत, काढण्याची आज्ञाही सोबत देतात. उद्या पुसून टाकायच्या कंटेनरमध्ये कशानेही बसवा. स्वतःच्या लॅपटॉपवर नवं काही करून बघायचं असेल तर स्क्रिप्ट आधी फाइलीत उतरवा, वाचा, मग चालवा, आणि ती फाइल जपून ठेवा. माझा विरोध नेमका एवढ्यालाच आहे: चार माणसांच्या हातून जाणाऱ्या, वर्षानुवर्षं चालायच्या मशीनवर, रूटच्या अधिकाराने, प्रत न ठेवता. डेबियन १२ पासून पायथनची पॅकेजेस बसवणारं पिपसुद्धा प्रणालीच्या पायथनमध्ये परस्पर काही घालायला नकार देतं आणि वेगळं वातावरण करा म्हणतं. सुरुवातीला मला त्याचा त्रास झाला होता. आता नाही होत.

सध्याची स्थिती

जुना टॉवर संदर्भ विभागाच्या मागे कूलरजवळ तसाच आहे, नेटपासून तोडलेला. त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव मॅडमनी समितीपुढे ठेवला आहे. बेवारस यादीतल्या तीन फाइली कशासाठी होत्या ते अजून उलगडलेलं नाही, म्हणून डिस्क मी मागून घेणार आहे. मॅडमनी सर्व्हरसाठी वेगळी वही घातली आहे. रकाने त्यांनीच आखले: काय बसवलं, कुठून आणलं, कुणी, कधी, कसं काढायचं. डेबियनच्या सुरक्षा-सुधारणा आपोआप येतात. कोहाच्या मासिक सुधारणा आम्ही मुद्दाम हाताने घेतो, महिन्यातल्या एका शनिवारी, आणि ते काम आता भाऊ करतात.

दुसऱ्याच महिन्यात त्यांचा फोन आला. "सर, हे मधेच थांबून विचारून राहिलं. म्हणते ही फाइल तुम्ही बदलली आहे आणि आम्ही पण बदलली आहे, कोणती ठेवायची?"

मी म्हटलं, "डी दाबा भाऊ, फरक दाखवेल. वाचून सांगा."

त्यांनी सावकाश, अक्षर-अक्षर लावत दोन ओळी वाचल्या. वरची आमची होती, आयसीयूची. "मग आपली ठेवतो," ते म्हणाले, आणि फोन तसाच धरून पेन आणून त्यांनी वहीत तारीख टाकली.